घोडा कोणाचा, तसबीर कोणाची?

गेल्या उन्हाळ्यात गोंडपिपरी तालुक्यातील एका लग्नास आम्ही गेलो होतो. वर्धा व वैनगंगा या दोन नद्यांच्या मधला हा मुलूख धानाचा, बैलांचा व जंगलाचा. येथे दारोदारी घोडा बांधलेला दिसत नाही. लग्नसराईत तो भाड्याने येतो. त्या लग्नातही एक पांढरी घोडी बाहेरगावाहून आली होती, व तिच्यासोबत तिचा धनी, एक साठीच्या घरातला म्हातारा, पायी चालत आला होता. त्याने तिला सावलीत बांधले, तोबरा चढविला, पाणी दाखविले. बाजा कडाडला तशी घोडी बिथरली. म्हाताऱ्याने तिच्या मानेवर नुसता हात ठेवला आणि ती उभी राहिली.

पुढे नवरदेव घोडीवर बसला व फोटोवाला सरसावला. पहिलेच वाक्य तो बोलला ते असे : "ओ बुवा, बाजूला सरका, तुम्ही फोटोत येता." म्हातारा बाजूला कसा सरकणार? लगाम सोडला तर घोडी नवरदेवाला घेऊन निघून जावयाची! तेव्हा तो बापडा घोडीच्या मानेआड वाकून, लगाम हाती धरून लपून राहिला. तो फोटो आम्ही नंतर पाहिला. नवरदेव ऐटीत बसला आहे. परंतु घोडीचा एक कान मागे दडलेल्या म्हाताऱ्याकडे वळलेला आहे. कोणावर आपला भरवसा आहे, हे त्या मुक्या जनावराने फोटोतही लपविले नाही.

आम्ही म्हाताऱ्यास विचारले, "या घोडीबरोबर तुमचा स्वतःचा एखादा फोटो आहे काय?" तो हसून म्हणाला, "माजा फोटो कोन काढते जी? फोटो त नवरदेवाचा रायते."

वाचकहो, हे त्याचे उत्तर आमच्या मनातून जात नाही, म्हणून हा लेख लिहिण्याचे केले आहे.

माणूस आणि त्याचा घोडा यांची तसबीर म्हणजे काय? ज्या दोघांची एकमेकांशी ओळख आहे, अशा दोघांची ती तसबीर. नवरदेवाची व घोडीची ओळख दोन तासांची. म्हाताऱ्याची व तिची ओळख जन्माची. रोज पहाटे खरारा तो करतो, चंदी तो देतो, नाल तो ठोकवून आणतो, ती आजारी पडली तर रात्र तो जागतो. असे असता "घोड्यासह फोटो" काढावयाची वेळ आली की ह्याच माणसास बाजूला सारण्यात येते! माथेरानास जा. तेथे मोटारीस बंदी, म्हणून माणसांची व ओझ्याची बरीच वाहतूक घोड्यांवर. पाहुणा घोड्यावर बसून हौसेने फोटो काढवितो, आणि बहुतेक वेळा तो फोटो काढण्याचे काम घोडेवाल्याच्याच हाती देतो. म्हणजे घोडा त्याचा, श्रम त्याचे, फोटो काढणाराही तोच. फक्त फोटोत तो नाही.

ही चाल आजची नव्हे. लाला दीनदयाळ (1844–1905) हे आपल्या देशातील थोर छायाचित्रकार. सहाव्या निजामाच्या दरबारचे त्यांनी फोटो काढले. त्या काळच्या राजेरजवाड्यांच्या फोटोंखाली स्वाराचे नाव असते, कधी घोड्याचेही असते. परंतु लगाम धरून उभ्या असलेल्या मोतद्दाराचे नाव बहुधा नसते. परदेशातही तीच तऱ्हा. अमेरिकेत 1878 साली मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने बारा कॅमेरे ओळीने मांडून धावत्या घोडीचे फोटो घेतले, व दौडताना एका क्षणी घोड्याचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात, हे जगास दाखविले. त्या प्रसिद्ध फोटोच्या छापील पत्रिकेवर घोडीचे नाव आहे, "सॅली गार्डनर". धनवान मालक लेलंड स्टॅनफर्ड याचे नाव आहे. फोटो काढणाराचे आहे. जो माणूस जीव मुठीत धरून त्या घोडीच्या पाठीवर बसला होता, त्याचे नाव मात्र त्या पत्रिकेवर नाही. जनावराला नाव मिळाले, माणसाला मिळाले नाही!

आता कोणी म्हणेल की, गरिबाच्या घरी घोड्याची तसबीर हवी कशाला? त्याने आपल्या घरच्या देव्हाऱ्याकडे पाहावे. खंडोबाचा टाक आपण पिढ्यान्‌पिढ्या पुजीत आलो. त्यावर देव घोड्यावर बसलेला आहे, आणि कित्येक टाकांवर म्हाळसाही त्याच घोड्यावर सोबत आहे. ती घोड्यासह माणसाची तसबीरच होय, व ती आमच्या कारागिरांनीच ठोकून घडविली. जंगलपट्टीत गोंड-माडिया लोकांच्या देवाच्या ठाण्यावर मातीचे घोडे वाहिलेले दिसतात. तेही माणसाच्या हातांनीच घडविलेले. सबब घोड्याचे चित्र ही राजवाड्याची मिरास नव्हे. कॅमेरा येण्यापूर्वी शेकडो वर्षे ते आमच्या झोपडीत होते.

दुसरा कोणी म्हणेल की, मग नवरदेवाने घोड्यावर फोटो काढूच नये काय? अवश्य काढावा. घोड्यावर बसणे ही या देशात केवळ हौस नव्हती, ती जातीची बाब करून ठेवली होती. अमक्याने घोड्यावर बसावे, तमक्याने गावातून खाली मान घालून पायी जावे, असे दंडक होते. आणि ते सारेच मेले असेही समजू नये. उत्तर प्रदेशात कासगंज जिल्ह्यातील निजामपूर गावी एका दलित नवरदेवास वाजतगाजत वरात नेता यावी म्हणून अलाहाबादच्या उच्च न्यायालयापर्यंत दाद मागावी लागली, आणि जुलै 2018 मध्ये त्याची वरात पोलिसांच्या बंदोबस्तात बग्गीतून निघाली. ज्यांच्या आजोबांस कोणी घोड्याजवळ फिरकू दिले नाही, त्यांच्या नातवाने घोड्यावर बसून फोटो काढला, तर त्यास हसणारा माणूस निर्दय म्हटला पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या जागेसाठी आपण भांडलो ती जागा मिळताच दुसऱ्या गरिबाला "बाजूला सरक" म्हणण्याची वरिष्ठांची सवय आपण उचलू नये. तो लगाम धरणारा आपलाच भाऊ आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. फोटोने पोट भरते काय? नाही भरत. पण 2012 च्या पशुगणनेत देशात सुमारे सव्वासहा लाख घोडे-तट्टे होती, ती 2019 च्या गणनेत सुमारे 3 लाख 40 हजारांवर आली, म्हणजे सात वर्षांत जवळजवळ निम्मी गेली. मोटारीने टांगा संपविला, ट्रॅक्टर बैलाच्या जागी आला. घोड्यावर संसार लादून मेंढरांमागे फिरणारे धनगर व त्यांच्या घरच्या बाया अजून दिसतात. पुढे किती दिवस दिसतील? हे धंदे गेल्यावर नातू विचारील, आमचा आजा काय करीत होता? तेव्हा मालकांच्या घरी अल्बम असतील आणि आमच्या घरी रिकामी भिंत. ज्याची कोठे नोंद नाही तो नव्हताच, असे म्हणणारे लोक जगात फार आहेत. निदान एक फोटो तरी आपल्या हातचा असू द्या. हल्ली मोबाइल घरोघरी आहे, त्यास वेगळा खर्च नाही.

फोटो कसा काढावा, हेही थोडक्यात सांगतो. भर दुपारी काढू नये. ऊन डोक्यावर असले की माणसाचे व घोड्याचे डोळे काळोखात जातात. सकाळचे किंवा उतरतीचे ऊन बरे. घोडा त्याच्या धन्यानेच आणावा. धन्याने घोड्याच्या खांद्यापाशी, शक्यतो डाव्या अंगास उभे राहावे. लगाम धरणे, खोगीर चढविणे बहुधा डावीकडूनच होत असल्याने घोड्यास त्या अंगाची सवय असते. घोड्याचे डोळे बाजूस असतात. अगदी कपाळासमोरचे व शेपटीमागचे त्यास दिसत नाही. म्हणून मागून जाऊ नये, नाकाजवळ एकदम मोबाइल नेऊ नये व दिव्याचा लखलखाट करू नये. फार जवळून काढल्यास घोड्याचे तोंड भोपळ्यासारखे मोठे व धड पोराटोरासारखे लहान दिसते. तेव्हा दहाबारा पावले मागे सरून मोबाइलमध्ये चित्र जवळ घ्यावे. मोबाइल घोड्याच्या छातीइतक्या उंचीवर धरावा. मग घाई न करता थांबावे. कान पुढे झाले, अंग सैल झाले, की समजावे घोडा राजी आहे. तो क्षण घ्यावा. आणि माणसाचा चेहरा घोड्याइतकाच स्वच्छ आला पाहिजे.

मोबाइल फुटतो, हरवतो. म्हणून एक तरी प्रत कागदावर उतरवून घ्यावी. तिच्या मागे माणसाचे नाव, घोड्याचे नाव, गाव व तारीख लिहावी. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून लिहवून घ्यावे. नावावाचून फोटो म्हणजे मोतद्दाराचीच जुनी गत.

गोंडपिपरीचा शेतकरी म्हणेल, आमच्याकडे घोडा नाही, बैल आहे. तर बंधूंनो, पोळ्याची आठवण करा. तोरणाखाली बैल कोण आणतो? वर्षभर त्यांच्यामागे चिखलात कोण चालला? सालगडी! आणि झूल घातलेल्या बैलांजवळ फोटोसाठी कोण उभा राहतो? मालक, त्याचा मुलगा, त्याचा जावई. गडी दोर धरून बाजूला उभा. त्यास बोजारा देऊन आपण मोकळे होतो. येत्या पोळ्यास त्याला मध्ये घ्या, बैलांच्या मानेवर त्याचा हात राहू द्या, आणि एक प्रत त्याच्या घरी पोहोचवा.

लग्नघरच्या मंडळींस आमची विनंती एवढीच. नवरदेवाचे फोटो हवे तितके काढा. परंतु घोडी परत निघण्यापूर्वी तिचा व तिच्या धन्याचा एक फोटो काढा, त्याचे नाव विचारा, व भाड्याबरोबर तो फोटो त्याच्या हाती द्या. त्या दिवशी आम्ही तसे केले. म्हाताऱ्याने आधी घोडीच्या आयाळीतून हात फिरविला, मग डोक्यावरचे फडके नीट केले, आणि मगच म्हणाला, "हं, काढा जी आता."