दम्याच्या रुग्णाला चालू द्या

जुनाट श्वसनविकाराने गांजलेल्या माणसाला आपला समाज सर्वप्रथम जो सल्ला देतो, तो विश्रांतीचा. ‘जिना चढू नका, बाजारात जाऊ नका, हवे ते जागेवर आणून देऊ,’ असे घरातील मंडळी मोठ्या मायेने सांगतात. त्या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु या सल्ल्याने रुग्ण अधिकच दुबळा होतो, हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केले असतानाही तो चालूच राहावा, ही खेदाची गोष्ट आहे.

बोलीभाषेत ज्याला सरसकट दमा म्हटले जाते, त्यापैकी पुष्कळ रुग्णांना डॉक्टर ज्याला ‘सीओपीडी’ म्हणतात तो विकार असतो. त्यात श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात आणि फुप्फुसांची झालेली हानी भरून येत नाही. 2021 साली या रोगाने जगभर सुमारे 35 लाख माणसे दगावली. भारतात 2016 साली त्याचे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज होता. हा केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा रोग आहे, ही समजूतही खरी नाही. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या, तंबाखूला कधी न शिवलेल्या असंख्य स्त्रिया त्याच्या बळी आहेत.

या रोगाची दुसरी बाजू छातीबाहेर, पायांत असते. दम लागतो म्हणून रुग्ण हालचाल टाळतो, हालचाल टाळल्याने स्नायू झिजतात. शरीरात रेंगाळणारा दाह, अपुरे पोषण आणि काही वेळा दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे या झिजेला हातभार लावतात. दुर्बल स्नायूंत थोड्याशा श्रमानेही लॅक्टिक आम्ल साठू लागते. ते निस्तरण्यासाठी अधिक श्वास घ्यावा लागतो, आणि आधीच थकलेल्या फुप्फुसांवर नवा बोजा पडतो. मग दम अधिक लागतो व हालचाल आणखी कमी होते. सायकलच्या चाचणीत कित्येक रुग्ण श्वास अपुरा पडण्याआधी पाय भरून आल्यामुळे थांबतात. ब्रिटन व नेदरलंड्समधील रुग्णांच्या 2010 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे एकतृतीयांश लोकांच्या मांडीचे स्नायू दुर्बल आढळले.

फुप्फुसे पूर्ववत करता येत नाहीत, पण स्नायू पुन्हा कमावता येतात. अमेरिकेतील डॉ. अल्व्हन बराक यांनी 1952 च्या सुमारास अशा रुग्णांना चालते करावे असे सुचवले, तेव्हा विश्रांतीचाच दंडक होता. 1991 साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवून दिले की, नियमित व्यायामानंतर तेवढ्याच श्रमाला रुग्णाच्या शरीरात आम्ल कमी साठते आणि श्वासही कमी लागतो. 2015 साली 65 चाचण्या व 3822 रुग्णांच्या एकत्रित आढाव्यातून या उपचाराने दम कमी होतो, चालण्याची क्षमता वाढते आणि जगणे सुसह्य होते, असा निष्कर्ष निघाला. तो इतका निःसंदिग्ध होता की, नेहमीच्या उपचारांशी तुलना करणाऱ्या आणखी चाचण्यांची आता गरज नाही, असे आढावा घेणाऱ्यांनी नमूद केले.

अर्थात व्यायाम हा पंपाला पर्याय नव्हे आणि धूम्रपान न सोडणाऱ्याला अभयदानही नव्हे. हृदयाची व रक्तातील प्राणवायूची तपासणी करून, जाणकाराच्या देखरेखीखालीच तो सुरू झाला पाहिजे. सहा ते बारा आठवड्यांचा कार्यक्रम संपल्यावर तो सोडून दिला, तर कमावलेले बळ काही महिन्यांत ओसरते.

मग ही सोय रुग्णांपर्यंत का पोचत नाही? खर्चाची सबब येथे टिकणारी नाही. चालण्याची चाचणी घ्यायला तीस मीटरचा व्हरांडा, एक घड्याळ आणि बोटाला लावून प्राणवायू मोजण्याचे उपकरण पुरते. बळ वाढवण्यासाठी खुर्चीवरून उठणे-बसणे, जिन्याची पायरी आणि वाळूच्या पिशव्या चालतात. वाण आहे ती प्रशिक्षित माणसाची आणि त्याहून अधिक इच्छेची. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात श्वसनविकारांचाही समावेश आहे. तेव्हा प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून दोन-तीन दिवस असा वर्ग भरवणे आणि आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांना त्याचे शिक्षण देणे, हे शासनाच्या आवाक्याबाहेरचे मुळीच नाही.

डॉक्टरांनीही औषधाच्या चिठ्ठीवर पंपाबरोबर व्यायाम लिहिण्याची सवय लावून घेतली पाहिजे. स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जाता येणे, निवृत्तिवेतन आणायला बँकेत जाता येणे, नातवाला शाळेत पोचवता येणे, यांवर वृद्ध माणसाचा स्वाभिमान अवलंबून असतो. त्याला खाटेवर बसवून ठेवणारी माया आता आवरती घ्यावी आणि त्याच्यासोबत चार पावले चालावे.