कालवलेला बाप

मॉलमध्ये जेवायला जायचे म्हटले की माझ्यासारख्या कारकुनाचा हात आधी खिशावर जातो. गेल्या महिन्यात थोरल्या मुलीचा पहिला पगार झाला. तिने हट्टच धरला, “पप्पा, आज तुम्ही दोघांनी माझ्या पैशाचे जेवायचे.” नेले ते थेट मॉलच्या फूड कोर्टात, कोरियन जेवणाच्या काउंटरवर. भावफलक बघून तिची आई म्हणाली, “मला नुसता चहा चालेल गं.”

मुलीने दोन बिबिम्बाप सांगितले. कोरियन भाषेत ‘बाप’ म्हणजे भात आणि ‘बिबिम’ म्हणजे कालवणे. तिची आई हसून म्हणाली, “घरी एक बाप आहे तेवढा पुरे!”

वाडगा समोर आला. खाली भात, वर पालक, गाजर, काकडी, मोडाची कडधान्ये आणि अंडे. तिळाचे तेल चवीपुरतेच. गोचुजांग ही मिरची आणि आंबवलेल्या सोयाबीनची तांबडी चटणी असते. तिच्या आईला रक्तदाबाचा त्रास आहे, म्हणून मुलीने ती चटणी आठवणीने वेगळी मागितली. सोबत किमची होती, म्हणजे मीठ, मिरची, लसूण लावून आंबवलेला कोबी. तीही खारट, म्हणून आईने चवीपुरतीच घेतली.

कोरियात हिवाळ्याच्या तोंडावर घरची आणि शेजारची माणसे जमून ढीगभर किमची घालतात. या रिवाजाला किमजांग म्हणतात. २०१३ साली युनेस्कोने दक्षिण कोरियातील या रिवाजाची नोंद मानवजातीच्या वारशात केली. चाळीत उन्हाळ्यात आपल्या बायका मिळून कुरडया-पापड घालतात, त्यातलाच हा प्रकार.

बिल झाले ६४० रुपये. तिघांची पोटे भरली. रोज परवडणारे नव्हेच. पण त्याच पैशात तळलेली कोंबडी आणि थंड पेये घेतली असती, तर अंगाला काय लागले असते?

आपली मुले टीव्ही-मोबाइलवर कोरियन मालिका बघतात आणि दुकानातून कोरियन नूडल्सची पाकिटे आणतात. त्यात मैदा आणि भरपूर मीठ. त्यांना रागावण्यापेक्षा हा वाडगा घरी करून द्या. पुढच्या रविवारी आम्ही केला. भात, वाफवलेला पालक, किसलेले गाजर, काकडी, मोडाचे मूग, प्रत्येकी एक अंडे. चटणीला लाल मिरची, लसूण, भाजलेले तीळ आणि गुळाचा खडा. मीठ बेताचे. चार माणसांचे जेवण झाले, ते मॉलमधल्या एका वाडग्याच्याही आत.

हिशेब मांडताना एक गोष्ट मात्र वहीत लिहिता आली नाही. लेकीच्या कमाईचा पहिला घास खाताना तिच्या आईचे डोळे भरून आले होते. मिरचीचे निमित्त सांगून तिने ते पुसले. चटणी तर तिने अजून कालवलीच नव्हती.