विकत घेतलेली शुद्ध हवा

विहीर खणली म्हणजे पाण्याची चिंता कायमची मिटली, असे कोणी शहाणा मनुष्य मानीत नाही. वर्षा-दोन वर्षांनी गाळ उपसावाच लागतो. परंतु घरात हवा शुद्ध करणारे यंत्र आले, की आपले कर्तव्य संपले, अशी समजूत सुशिक्षित कुटुंबांतही दिसते. ही समजूत चुकीची तर आहेच. पण ती घातकही आहे, असे माझे मत आहे.

आमच्या ग्वाल्हेरात दिवाळी सरली, की सकाळचे धुके कोणते आणि धूर कोणता, हे ओळखणे कठीण होते. थंड, जड हवा जमिनीलगत साचून राहते आणि धूळ, धूर तिच्यातच कोंडतात. 2016 साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या माहितीत आमचे शहर सूक्ष्म धूलिकणांच्या बाबतीत जगातील अगदी वरच्या क्रमांकांत होते. माझ्या आजीला दम्याचा विकार आहे. म्हणून गेल्या हिवाळ्यात वडिलांनी असे एक यंत्र आणले. पहिला महिनाभर आजी शांत झोपली. नंतर मात्र खोकला पुन्हा सुरू झाला. यंत्र उघडून पाहतो, तो जाळीवर धुळीची जणू गोधडीच पसरलेली! मी उत्साहाच्या भरात जाळीबरोबर आतला कागदी फिल्टरही नळाखाली खसखसून धुतला आणि तो कायमचा निकामी केला. माझ्या अज्ञानाची शिक्षा आजीला भोगावी लागली.

हा फिल्टर ‘हेपा’ या नावाने ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अणुबॉम्बच्या संशोधनात किरणोत्सर्गी धूळ अडविण्यासाठी त्याचा विकास झाला. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातील एका भागाला मायक्रॉन म्हणतात. उत्तम हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे कण शेकडा 99.97 इतक्या प्रमाणात अडवितो. तो केवळ चाळणीसारखे काम करीत नाही. अतिसूक्ष्म तंतूंच्या गुंत्यावर कण आदळतात व चिकटतात. पाण्याने हे तंतू एकमेकांना चिकटतात, गुंता विसकटतो आणि कणांना वाट मोकळी होते. म्हणून उत्पादकाने स्पष्ट सांगितले नसेल, तर तो धुऊ नये.

वास्तविक देखभाल सोपी आहे. प्रथम वीज बंद करावी. बाहेरची जाळी दोन ते चार आठवड्यांनी झाडावी किंवा धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच बसवावी. ओलसर जाळीवर बुरशी धरते. धूळ मोजणाऱ्या संवेदकाची काच कोरड्या कापसाने हलकेच पुसावी. गंध शोषणारा कोळशाचा थर व हेपा फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत बदलावे. केवळ दिव्याच्या सूचनेवर विसंबू नये. पुष्कळ यंत्रांत तो दिवा फक्त तास मोजतो, धूळ पाहत नाही.

कोणी म्हणेल, नवा फिल्टर महाग पडतो. खरे आहे. म्हणूनच यंत्र घेतानाच त्याचा वार्षिक खर्च विचारावा आणि जाळी वेळेवर साफ करून आतल्या फिल्टरचे आयुष्य वाढवावे. शिवाय घरातला धूर घरातच कमी करणे तर फुकटच आहे. बंद खोलीत उदबत्त्यांचा जुडगा पेटवायचा, फोडणीच्या वेळी स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायची आणि मग यंत्राला दोष द्यायचा, हा कोठला न्याय? हे यंत्र श्वासातला कार्बन डायऑक्साइडही काढीत नाही. तेव्हा दुपारी बाहेरची हवा त्यातल्या त्यात बरी असताना खिडक्या थोडा वेळ उघडाव्याच.

आणखी एक गोष्ट. अशी कामे बहुधा आईच्याच वाट्याला येतात. विज्ञानाच्या तासाला गाळणक्रियेची आकृती काढून पूर्ण गुण मिळविणाऱ्या आपण विद्यार्थ्यांनी घरची एक जाळी धुऊ नये, हे आपल्या शिक्षणाला शोभणारे नाही. आता आमच्या घरी महिन्यातून दोन रविवारी हे काम माझे असते. आजी खुर्चीवर बसून देखरेख करते आणि जाळी वाळल्याशिवाय मला उठू देत नाही.

मित्रहो, यंत्र पैशाने मिळते. निगा मात्र स्वतःच्या हातांनीच राखावी लागते.