तक्रार कुणाकडे, साहेब?

मोबाइलचं बिल पन्नास रुपयांनी वाढून आलं, तर आपण कस्टमर केअरला हैराण करून सोडतो. पण पोलिसाने विनाकारण कानाखाली वाजवली तर? सगळा कॉन्फिडन्स खलास! 'जाऊ दे यार, कोण त्या लफड्यात पडणार?'

माझ्या ऑफिसातल्या एका मित्राला रात्री नाकाबंदीत अडवलं. लायसन्स, कागद सगळं ओके. 'मग थांबवलंत का?' एवढंच त्याने विचारलं आणि दोन तास पोलीस स्टेशनात बसून राहिला. घरी फोनसुद्धा करू दिला नाही. तक्रार करायची तर पुन्हा त्याच साहेबांसमोर उभं राहायचं. म्हणजे सासूची तक्रार सासूकडेच!

गंमत म्हणजे, या दुखण्यावर औषध मागायला सुप्रीम कोर्टात गेले ते एक पोलीसच. उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी १९९६ साली याचिका केली. निकाल आला २२ सप्टेंबर २००६ ला: राज्याराज्यांत पोलीस तक्रार प्राधिकरण हवं, अध्यक्षपदी निवृत्त न्यायाधीश हवेत आणि त्यांची शिफारस बंधनकारक हवी.

महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायदा बदलून हे प्राधिकरण आणलं. कोठडीतला मृत्यू, गंभीर मारहाण, बलात्कार, नियम धाब्यावर बसवून केलेली अटक किंवा डांबून ठेवणं, लाच, खंडणी... सगळं त्याच्या कक्षेत. झकास ना?

थांबा, मेख पुढे आहे. प्राधिकरणाचा अहवाल सरकारकडे जातो. अपवादात्मक परिस्थितीत, कारणं लिहून, सरकार तो फेटाळू शकतं. म्हणजे अंपायरने आऊट दिलं, तरी त्याचं बोट खाली घ्यायचा हक्क बॅटिंग टीमच्या मालकाकडे! मला विचाराल तर खरी लढाई या एका पळवाटेशी आहे.

तोवर काय करायचं? लिहायचं, आणि लवकर लिहायचं. डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रत्येक पोलीस स्टेशनात सीसीटीव्ही लावून रेकॉर्डिंग अठरा महिने, निदान एक वर्ष तरी जपायला सांगितलंय. तारीख, वेळ, ठिकाण, नेमप्लेटवरचं नाव आजच टिपून ठेवा आणि अर्जात ते फुटेज मागा. फेटाळायचंच असेल, तर सरकारला कारण कागदावर लिहू दे. 'जाऊ दे यार' म्हटलं, की तेवढेही कष्ट कुणाला पडत नाहीत.