खुन्याचे मन आणि बळींचा पत्ता

मनोविकृत खुनी आणि त्याच्या मागावर असलेले पोलीस हा विषय कादंबरी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या तिन्ही माध्यमांत कमालीचा लोकप्रिय आहे. या वाङ्मयाला सवंग म्हणून नाके मुरडणे सोपे आहे. परंतु प्रश्न अभिरुचीचा नाही. अशी कथा वाचकाला काय दाखवते आणि काय त्याच्या दृष्टीआड ठेवते, हा खरा प्रश्न आहे.

थॉमस हॅरिस या अमेरिकन लेखकाच्या १९८१ आणि १९८८ मधील कादंबऱ्यांतला हॅनिबल लेक्टर हा विद्वान, रसिक मानसोपचारतज्ज्ञ आहे. त्याच्या अनुकरणातून निघालेल्या असंख्य कथांत खुन्याच्या बुद्धीचेच कौतुक वाढत गेले आणि मेलेली माणसे कोड्यातील दुवे होऊन उरली.

स्वीडनमधील माय शेवाल आणि पेर वालो या डाव्या विचारांच्या पत्रकार जोडीने त्याआधीच वेगळी वाट दाखवली होती. १९६५ ते १९७५ या काळात त्यांनी मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्यावर १० कादंबऱ्या लिहिल्या. त्यांपैकी १९६७ च्या कादंबरीत स्टॉकहोमच्या उद्यानांतून लहान मुलींचे खून होतात. येथील खुनी अलौकिक बुद्धीचा नाही. तो एक एकाकी, दुर्लक्षित इसम आहे. समोरच्या सज्जात उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल एका बाईने केलेली तक्रार पोलीस क्षुल्लक समजून बाजूस सारतात आणि अखेर धागा तेथेच सापडतो. विकृतीबरोबर शहराची बेपर्वाईही आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते.

मुंबईला हा विषय परका नाही. उपनगरांतील पदपथांवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांचे खून करणाऱ्या रामन राघवला पोलिसांनी ऑगस्ट १९६८ मध्ये पकडले. उच्च न्यायालयाने १९८७ मध्ये त्याचा मनोविकार ध्यानात घेऊन फाशीऐवजी जन्मठेप दिली. १९९१ मध्ये श्रीराम राघवन यांनी त्याच्यावर चित्रपट केला. २०१६ मध्ये अनुराग कश्यप यांच्या चित्रपटाच्या शीर्षकात त्याचे नाव पुन्हा झळकले. मारणाऱ्याचे नाव असे अर्धशतक टिकले. मेलेल्यांपैकी एकाचे तरी नाव आपल्यापैकी कोणाला आठवते काय?

खुनाची प्रेरणा रोगट मनातून आली, हे मान्य. परंतु बळी कोण जाणार, हे घरांच्या टंचाईने आधीच ठरवून ठेवले होते. भक्कम दाराला आतून कडी लावून झोपणारा मुंबईकर त्या हल्लेखोराच्या आवाक्याबाहेर होता. केवळ मनोविकारावर बोट ठेवले, की ही विषमता विसरता येते. शिवाय ज्या बहुसंख्य मनोरुग्णांनी कधी कोणाला इजा केलेली नाही, तेही विनाकारण संशयाचे धनी होतात.

तेव्हा अशा कथा जरूर लिहाव्यात आणि वाचाव्यातही. मात्र खुनी सापडला म्हणजे तपास संपला, असे वाचकाने मानू नये. पदपथावर झोपणारा माणूस पुढच्या रात्री कोठे झोपला, हेही विचारावे. तो प्रश्न पोलिसांच्या कक्षेबाहेरचा असेल. नागरिकांच्या कक्षेबाहेरचा खचित नाही.