गॅसच्या शेगडीला एक्सपायरी डेट असते का? नवा स्टार नियम आणि आपला जुना पाइप

तुमच्या फोनला अजून किती वर्षं अपडेट मिळणार, हे तुम्ही झोपेतही सांगाल. आता दुसरा प्रश्न. तुमच्या रूमवरच्या गॅसचा पाइप कोणत्या वर्षी बसवला होता?

आठवत नाही ना? मग हा लेख तुमच्यासाठीच आहे. नाशिकमध्ये कॉलेज रोड, गंगापूर रोडला शिकायला आलेली मुलं असोत, नाहीतर सातपूर-अंबडच्या कंपन्यांत कामाला लागलेली, भाड्याच्या रूमवरची शेगडी बहुतेक वेळा 'आधीच्या पोरांनी सोडलेली' किंवा सेकंडहँड घेतलेली असते. तिचं वय कुणालाच माहीत नसतं.

बातमी काय आहे?

1 जानेवारी 2026 पासून एलपीजी शेगडीवर ऊर्जा कार्यक्षमतेचं स्टार लेबल लावणं सक्तीचं झालं आहे. फ्रिज आणि एसीवर आपण जे तारे बघतो, तेच. नियम ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा, म्हणजे बीईईचा. याआधी शेगडीवर हे लेबल लावायचं की नाही, ते कंपनी ठरवायची.

तारे नेमकं काय सांगतात? जळालेल्या गॅसमधली किती उष्णता भांड्याला मिळते आणि किती वाया जाते, एवढंच. समजा, एका शेगडीची कार्यक्षमता 68 टक्के आहे आणि दुसरीची 74. पहिलीवर तुमचा सिलिंडर 37 दिवस जात असेल, तर तेवढ्याच स्वयंपाकाला दुसरीवर तो साधारण 40 दिवस जाईल. म्हणजे फरक पडतो, पण बिल निम्मं वगैरे होत नाही. दुकानदार तसं सांगत असेल तर हसून सोडून द्या.

तारे म्हणजे सुरक्षा नव्हे

इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. स्टार लेबल गॅस किती वाचेल ते सांगतं. शेगडी सुरक्षित आहे की नाही, हे आयएसआय मार्क सांगतो. घरगुती एलपीजी शेगडीसाठीचं मानक आहे आयएस 4246. शेगडी घेताना दोन्ही खुणा बघायच्या.

मार्क खरा आहे का, हे फोनवरच तपासता येतं. 'बीआयएस केअर' ॲप उघडा, आयएसआय चिन्हासोबत छापलेला सीएम/एल क्रमांक टाका. लायसन्स कुणाचं आहे, चालू आहे की नाही, ते समोर येईल. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि अजून एक. हा नियम नव्या शेगडीच्या विक्रीला लागू आहे. तुमच्या ओट्यावर आधीपासून असलेल्या शेगडीला तो हातही लावत नाही. ती कधी बदलायची, हे तुम्हालाच ठरवावं लागतं.

तारीख कशावर असते, कशावर नसते?

*पाइप:* याला मुदत आहे, 5 वर्षं. एजन्सीकडून मिळणारा नारिंगी 'सुरक्षा' पाइप आतून तारेच्या जाळीने मजबूत केलेला असतो. त्यावर छापलेली तारीख वाचा. भेगा पडल्या असतील, पाइप कडक झाला असेल किंवा उंदराने कुरतडला असेल, तर 5 वर्षांची वाट बघू नका. लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको, मध्ये जोड तर अजिबात नको.

*सिलिंडर:* वरच्या कडीला धरून ठेवणाऱ्या तीन पट्ट्यांपैकी एकीवर आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. 'बी 27' असेल तर त्या टाकीची पुढची चाचणी जून 2027 पर्यंत व्हायला हवी. ही चाचणीची तारीख आहे, त्या दिवशी टाकी फुटते असं काही नाही. पण तारीख उलटलेली टाकी आली तर घेऊ नका, बदलून मागा.

*शेगडी:* हिच्यावर एक्सपायरी नसते. हिची अवस्था बघायची.

शेगडी बदलायची वेळ आली, हे कसं ओळखाल?

सगळ्यात सोपी खूण म्हणजे ज्योतीचा रंग. निळी ज्योत म्हणजे गॅस नीट जळतोय. पिवळी ज्योत आणि भांड्याच्या बुडाला काजळी म्हणजे हवा कमी पडतेय. अशा अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. खिडक्या बंद असलेल्या छोट्या रूममध्ये हा खरा धोका आहे.

आधी बर्नर धुऊन, छिद्रं साफ करून बघा. बऱ्याचदा दूध उतू गेल्याचाच तो परिणाम असतो. त्याने भागलं नाही तर मेकॅनिककडून सर्व्हिसिंग करून घ्या. पण पुढचं काही दिसलं तर डागडुजी पुरे, शेगडी बदला:

- नॉब बंद केल्यावरही ज्योत रेंगाळते, किंवा नॉब सैल फिरतो
- पाइप बसतो ती नळी गंजली आहे
- बर्नर वाकडा झालाय किंवा त्याला चीर गेली आहे
- सर्व्हिसिंगनंतरही ज्योत पिवळीच आहे

गळतीची शंका आली तर जोडांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले म्हणजे गळती आहे. काडी ओढून बघायचा प्रकार चुकूनही नको.

सेकंडहँड घेताय? नाशिककरांनो, हे विचाराच

नाशिकमध्ये एमएनजीएलचा पाइप गॅस आला आहे. पाइप गॅस घेताना शेगडीचे जेट बदलतात, कारण तेवढ्याच उष्णतेसाठी हा गॅस जास्त लागतो आणि जेटचं छिद्र मोठं ठेवावं लागतं. अशी बदललेली शेगडी कुणी विकायला काढली आणि तुम्ही ती सिलिंडरला जोडली, तर गरजेपेक्षा जास्त गॅस बाहेर येतो आणि ज्योत मोठी, पिवळी होते. म्हणून पहिला प्रश्न हाच: ही सिलिंडरवर चालायची की पाइपलाइनवर?

व्हॉट्सॲपवरचा विमा

'प्रत्येक सिलिंडरवर 50 लाखांचा विमा' हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. खरी रचना वेगळी आहे. तेल कंपन्यांच्या विम्यात अपघाती मृत्यूसाठी प्रति व्यक्ती 6 लाख, उपचारांसाठी प्रति व्यक्ती 2 लाख आणि एका घटनेत जास्तीत जास्त 30 लाख, तर नोंदणी असलेल्या घराच्या नुकसानीसाठी 2 लाखांपर्यंत तरतूद आहे. 'नोंदणी असलेल्या घराच्या' हे शब्द परत वाचा. मित्राच्या नावावरचं कनेक्शन तुमच्या रूमवर वापरत असाल, तर हा मुद्दा तुमचा आहे. स्वतःचं कनेक्शन नसेल तर 5 किलोचा 'छोटू' अधिकृत विक्रेत्याकडून घेता येतो.

मग पैसे कुठे घालायचे?

बजेट कमी असेल तर क्रम असा ठेवा: आधी पाइप, मग सर्व्हिसिंग, शेवटी नवी शेगडी. तेल कंपन्यांच्या सुरक्षा तपासणी मोहिमेत दीड मीटरचा पाइप 190 ऐवजी 150 रुपयांना दिला गेला. म्हणजे सगळ्यात मोठा धोका सगळ्यात कमी पैशात कमी होतो. चालू अवस्थेतली, निळी ज्योत देणारी शेगडी फक्त ताऱ्यांसाठी फेकू नका. बदलायची वेळ आलीच, तर आयएसआय आणि तारे दोन्ही बघून घ्या.

आज रात्री चहा ठेवताना पाइपवरची तारीख वाचा, तिचा फोटो काढा आणि कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावा. आणि 1906 हा नंबर सेव्ह करा. वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, दिवा-पंख्याच्या बटणांना हात नाही. फोन लावायचा तोही घराबाहेर जाऊनच.