डॉ. झिराड आठवतात, नर्सबाईंचे काय?

मराठी वर्गातल्या मुलांना बेने इस्राएल समाजातल्या एखाद्या कर्तबगार स्त्रीचे नाव विचारले, तर डॉ. जेरुशा झिराड हे उत्तर लगेच येते. यायलाच हवे. त्यांनी मुंबईच्या कामा हॉस्पिटलचा कारभार 1928 ते 1947 सांभाळला आणि 1966 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्याच हॉस्पिटलात रात्र रात्र उभी राहिलेली एखादी नर्सबाई सांगा म्हटले, तर वर्ग गप्प होतो. मुलांबरोबर आलेले आजी-आजोबाही गप्प होतात, आणि हे जास्त खटकते, कारण यातल्या कितीतरी घरांत एखादी आत्या नाहीतर मावशी नर्स होती.

कामा हॉस्पिटल 1886 साली सुरू झाले, पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून. बायकांवर बायकांनीच उपचार करायचे, हा तिथला नेम. पहिल्या प्रमुख डॉ. ईडिथ पीची यांनी तिथेच परिचारिकांना शिकवायला सुरुवात केली. शिकवणाऱ्या होत्या, खाटा होत्या, पण शिकायला मुली कुठून आणायच्या? परक्याचे अंग पुसायचे, रक्त-मळ काढायचा, घराबाहेर रात्र काढायची. हे काम तोवर सुईणीचे किंवा मोलकरणीचे मानले जाई. परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत 1891 साली प्रशिक्षणाला आलेल्या काशीबाई गणपत यांचे नाव आजही दिले जाते, यावरूनच देशी मुलगी येणे किती दुर्मीळ होते ते कळते.

बेने इस्राएल मुली या कामाकडे वळल्या त्यामागे शाळा होती. हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या पुढाकाराने मुंबईत 1875 साली इस्राएली शाळा निघाली होती. नर्सला हात चालवून भागत नाही. थर्मामीटर वाचावा लागतो, नाडी मोजून तक्त्यावर लिहावी लागते, औषधाचे माप चुकवून चालत नाही. लिहिता-वाचता येणारी मुलगी या समाजात मिळत होती.

पेनिसिलिन येण्याआधी बाळंतरोगाने बाया दगावत. डॉ. झिराड यांनी मुंबईतल्या मातामृत्यूंची कारणे शोधून त्यावर अहवाल लिहिला, तो अभ्यास याच काळातला. त्या दिवसांत आई वाचणार की नाही, हे पुष्कळदा उकळलेल्या कात्रीवर, स्वच्छ कपड्यावर आणि धुतलेल्या हातांवर ठरे. डॉक्टर फेरी मारून जात, हात नर्सचे असत. म्हणून डॉक्टरांचा फोटो भिंतीवर लावून नर्सला विसरणे म्हणजे नुसता विसरभोळेपणा नव्हे. त्या यशाचा हिशेबच त्यात चुकतो.

गप्प राहण्यामागे संकोचही आहे. रात्रपाळी करणारी मुलगी सून म्हणून नको, असे म्हणणारी घरे सगळ्याच समाजांत होती. इथे त्यात शब्बाथची भर पडे. ड्युटीचा तक्ता शनिवार ओळखत नाही. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ बाजूला ठेवता येतो, हे पिकुआख नेफेशचे तत्त्व सगळ्यांना पाठ असते, पण चादरी बदलणे त्यात येते का, यावर वाद घालणारे वडीलधारे भेटतात. ज्याने वॉर्डात एक रात्र काढली आहे तो हा वाद घालणार नाही. ओल्या चादरीवर पडून राहिलेल्या रुग्णाच्या पाठीला जखमा होतात, आणि त्या जखमांनी माणूस जातो.

अमिरातीत वाढणाऱ्या मुलांना हे समजायला अवघड नाही. इथली आठवडी सुट्टी आधी शुक्रवार-शनिवार होती, 2022 पासून शनिवार-रविवार झाली. शनिवार दोन्ही वेळा सुट्टीचाच. तरी हॉस्पिटलातली सिस्टर शनिवारीही असतेच. या देशातली इस्पितळे उभी राहताना त्यांतल्या अनेक सिस्टर भारतातून शिकून आल्या. अल ऐनमध्ये केनेडी डॉक्टर दांपत्याने 1960 साली मातीच्या घरात दवाखाना सुरू केला, तेव्हा मुंबईत परिचर्येच्या शिक्षणाला सत्तर वर्षे उलटून गेली होती. दुबईतल्या मुलाला लस टोचणाऱ्या सिस्टरच्या शिक्षणाची मुळे अशी जुनी आहेत. त्यांत त्याच्या पणजीचाही वाटा असू शकतो, आणि हे त्याला कुणीतरी सांगायला हवे.

वर्गाने यंदा मालिदा आणि गावांची आडनावे यांच्या जोडीला हेही काम घ्यावे. 1948 नंतर अनेक घरे इस्राएलला गेली, प्रमाणपत्रे ट्रंकांत गेली, काही ठाण्यात-पनवेलात राहिली. आजींना व्हिडिओ कॉल करून विचारावे: कुठे शिकलीस, मेट्रन कोण होती, पहिला पगार किती आणि तो कुणाच्या हातात दिलास? शेवटच्या प्रश्नाला आजी कदाचित हसतील, पण उत्तर मिळवावेच. आणि एक गोष्ट विसरू नये. नर्सेसची नोंद लग्नाआधी झाली असेल तर ती माहेरच्या नावाने असणार. सासरचे आडनाव घेऊन शोधणाऱ्याला ती सापडायची नाही. तेव्हा वहीत सगळ्यात आधी माहेरचे आडनाव लिहून घ्यावे.